तिच्या नावाचं पाकीट

नांदेडला तहसीलसमोर आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक लॅमिनेशनची मशीन आणि बाहेरच्या बाकड्यावर कायम चार-पाच माणसं. मालक मशीन सांभाळतात, मी टायपिंग करते. शपथपत्रं, अर्ज आणि सगळ्यात जास्त वंशावळी. जातीच्या दाखल्यांची गर्दी लागली की दुसरं काही हाताला लागतच नाही. लोक वहीच्या पानावर पणजोबा, आजोबा, चुलते असं काहीबाही खरडून आणतात, मी त्याला चौकटी करून देते. सुरुवातीला मी विचारायची, "लेकींची नावं टाकायची का?" माणूस माझ्याकडं बघायचा, जणू मी काहीतरी भलतंच विचारलंय. "कशाला मॅडम? दिल्या की त्या." मग मी विचारायचं सोडलं. आमच्या स्वतःच्या घराण्याची वंशावळ मीच टाईप केली आहे. तिच्यात माझं नाव नाही, आणि मला त्याचं काही वाटलंही नव्हतं.

ती वंशावळ केली माझ्या थोरल्या भावासाठी. आम्ही तिघं भावंडं. अण्णा थोरले, लातूरला आडत दुकान. मधली मी. धाकटी बहीण चाकूरला दिलेली, शेतीवाडीच्या घरात. पोराच्या दाखल्यासाठी अण्णांनी निजामाच्या काळातले उर्दू कागद धुंडाळले, ते वाचायला एक म्हातारे गुरुजी गाठले, पणजोबाच्या बापापर्यंत जाऊन पोचले. पोराची व्हॅलिडिटी निघाली तेव्हा पेढे वाटले. "एकदा घरात एकाची निघाली की बास," म्हणाले. "बाकीच्यांनी तोच कागद लावायचा." आणि हे खरंच आहे. रक्तातल्या एकाचं जात पडताळणीचं प्रमाणपत्र असलं की चुलत-पुतण्यांचं काम सोपं होतं. आमच्या दुकानात येणारं प्रत्येक माणूस तो एक कागद लॅमिनेट करून घेतं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण आमच्या घरात पुढं जे झालं ते या कागदाच्या अकलेनं झालं.

मला छातीत गाठ निघाली. हैदराबादला ऑपरेशन झालं, पुढची इंजेक्शनं झाली, केस गेले, आले. त्याच दवाखान्यात एक संशोधन चालू होतं. एक तरुण मुलगी आली, मराठी होती बिचारी, म्हणाली, मावशी, तुमचं रक्त द्याल का, हा आजार घराण्यातून येतो का ते बघायचंय. मी म्हटलं घे, एवढ्या बाटल्या गेल्या, अजून एक जाऊ दे. मग तिनं कोरा कागद काढला आणि माझं घराणं विचारायला लागली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. मी हसले. म्हटलं, पोरी, हे तर माझं रोजचं काम आहे. आणि दोन मिनिटांत माझी बोलती बंद झाली, कारण तिला गोलच पाहिजे होते.

"वडिलांना बहिणी किती?" तीन. "कशानं गेल्या?" मला माहीत नव्हतं. तिथूनच अण्णांना फोन लावला. अण्णा म्हणाले, "मोठी पोटाच्या दुखण्यानं गेली म्हणत्यात. मधली बाळंतपणात का काय. धाकटीचं काही ठाव न्हाई. सासरी गेलेल्या बाया, तिकडं काय झालं कुणाला माहीत." पणजोबाच्या बापाचं नाव ज्यांना उर्दूतून सापडलं होतं, त्यांना सख्ख्या आत्या कशानं मेल्या ते ठाऊक नव्हतं. मला मात्र धाकटी आत्या आठवली. मी सात-आठ वर्षांची असेन. दिवाळीला माहेरी आली होती, पदर छातीवरून आवळून घेऊन बसायची, कुणासमोर अंघोळीला जायची नाही. आई तिची पोलकी लिंबाच्या पाल्यात वेगळी उकळायची आणि आम्ही विचारलं की पाठीत धपाटा घालायची. मी ते त्या मुलीला सांगितलं. तिनं एका गोलात काळं भरलं.

निकाल यायला बरेच महिने लागले. मला बोलावून समोर बसवलं आणि सांगितलं, दोष आहे, वडिलांकडून आलाय. वडिलांच्या प्रत्येक लेकराला तो असण्याची शक्यता निम्मी. प्रत्येकाची वेगळी, हे तिनं तीनदा सांगितलं. "मावशी, एकाला नाही म्हणजे दुसऱ्याला नाही, असं धरू नका. प्रत्येकासाठी नाणं नव्यानं उडतं." बहिणीला सगळ्यात जास्त गरज आहे म्हणाली. आधी कळलं तर तपासण्या करता येतात, गाठ तिळाएवढी असताना सापडते. माझ्या मुलाचं रक्त त्यांनी नंतर घेतलं. भावाबहिणीसाठी तिनं दोन पत्रं दिली. वर नावाची आणि तारखेची जागा रिकामी होती. "ज्याचं त्याच्या हातात द्या," म्हणाली.

मी दुकानात बसून दोन्हींवर माझ्या हातानं नावं घातली. कॉम्प्युटर समोर असताना हातानं, कारण टाईप केलं की सरकारी वाटतं. तारीख घातली, पाकिटात घालून चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही पाकिटं घेऊन लातूरला निघाले, अण्णांकडं.

दोन्ही घेऊन का? शहरातल्या माणसाला हे समजायचं नाही. आमच्या घरात कुठलीही गोष्ट आधी अण्णांकडं जाते, मग अण्णा ज्याला सांगायचं त्याला सांगतात. आई गेली ती माझ्या डोळ्यांदेखत, नांदेडच्या दवाखान्यात, माझ्या हातात तिचा हात होता. मी फोन केला तो अण्णांना. धाकटीला अण्णांनी कळवलं, तासाभरानं. तो तासभर धाकटी रानात तूर कापत होती, आई जिवंत आहे असं समजून. तेव्हाही मला ते चुकीचं वाटलं नाही. थोरल्याला डावलून लेकीबाळींनी परस्पर काही केलं की घर फुटलं, हे दुधाबरोबरच पाजलं होतं आम्हाला.

नांदेडहून लातूरला जाणारी एसटी चाकूरवरून जाते. तो येळवशीचा दुसरा दिवस होता. येळवस म्हणजे आमच्याकडची वेळा अमावस्या, त्या दिवशी अख्खा लातूर जिल्हा रानात जेवतो. धाकटीनं सकाळीच फोन करून कोणती गाडी ते विचारून घेतलं होतं, आणि गाडी स्टँडात शिरली तर ही लेकीला घेऊन उभीच. लेक तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती.

"अक्का, उतर की खाली! एक दिवस ऱ्हायलीस तर अण्णा फाशी देतंय व्हय तुला?"

"परत येताना उतरते ग."

"परत येताना तू घोरत जातीस, मला मालूम हाय. घे हे. भज्जी हाय, उंडे हायेत, बाटलीत आंबील हाय, सांडू नको. अन् डबा परत पायजे बरं का. मागचाबी तूच गिळून बसलीस."

खिडकी उंच होती, तिचा हात पुरेना. मग लेकीनं टाचा उंचावून डबा आत सरकवला. माझ्या मांडीवर ती दोन पाकिटं होती, वरचं तिच्या नावाचं. मी ती पिशवीखाली सारली आणि डबा मांडीवर घेतला. गाडी दहा मिनिटं उभी होती. दहा मिनिटं आम्ही बोललो. औंदा हुरडा कसा आहे, तिच्या सासूचे गुडघे, लेकीला पुढं काय शिकवायचं. कंडक्टरनं घंटी मारली तशी ती गाडीबरोबर चार पावलं चालली आणि ओरडली, "तब्येतीला जप!"

अण्णांनी त्यांचं पाकीट फोडलं, चष्मा लावून ओठ हलवत वाचलं. मग वहिनींना आत पाठवलं आणि म्हणाले, "हे भाईर जाऊ देऊ नको. पोरीचं उदगीरला जमून राहिलंय. असल्या कागदाचा वास जरी लागला तर सोयरे चहा टाकून उठतील."

"अन् धाकटीला?"

"तिच्या सासरचे लई कडक हायेत. घराण्यात रोग हाय म्हणून तिला जन्मभर बोलतील. मी बघतो. तू तुझी तब्येत बघ."

मी तिच्या नावाचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. आणि खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटलं. परत येताना चाकूरला उतरले नाही.

चार-पाच महिन्यांनी अण्णांचा फोन आला, आवाजात नुसता आनंद. त्यांनी लातूरच्या लॅबमधून स्वतःचं रक्त बाहेर पाठवून तपासून घेतलं होतं. "माझा क्लिअर आला! आपल्या घराण्यात कायी न्हाई. तुझं ते नांदेडच्या पाण्यानं झालं असंल, न्हाईतर त्या मशीनच्या पावडरीनं." मी म्हटलं, अण्णा, तसं नसतं, प्रत्येकाचं वेगळं असतं. ते हसले. "अगं, थोरल्याचं निघालं म्हणजे सगळ्यांचं निघालं. एकाची व्हॅलिडिटी निघाली की बाकीच्यांना काय लागतं?"

मला माहीत होतं ते चूक आहे. नाण्याची गोष्ट मला पाठ होती. त्यांच्या पोरांपुरतं ते खरं होतं, बहिणीचा त्याच्याशी सुताएवढा संबंध नव्हता. मी एवढंच म्हटलं, "बरं झालं." दोन शब्द. त्या दोन शब्दांची मला आजही शिसारी येते.

दोन दिवसांनी धाकटीचा फोन. "अण्णाचं बघ अक्का, आपल्यासाठी केवढं केलं. रक्त तपासून आणलं. आता घोर मिटला." मग म्हणाली, "पण मग तुला ते कुठून आलं ग?"

"कुणाला ठाव," मी म्हटलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिला काखेत काही लागायला लागलं. तिनं कुणाला सांगितलं नाही. घाबरून नाही, निर्धास्त होऊन. घराण्यात काही नाही, अण्णांनी तपासलंय, मग ही गाठ साधीच असणार. हळद लावली, एरंडाचं पान बांधलं, सोयाबीनची रास होऊ द्या म्हणाली, दिवाळी होऊ द्या म्हणाली. लातूरच्या डॉक्टरपर्यंत पोचली तेव्हा ते पार यकृतापर्यंत गेलं होतं. मला हे कळलं ते अर्थातच अण्णांच्या फोनवरून.

मी पहिली गाडी धरून लातूर गाठलं आणि दारातच सुरू झाले. शेजारी गोळा झाले तरी थांबले नाही. तिच्या जिवावर उठलात, म्हटलं. पोरीच्या लग्नासाठी बहीण विकली, म्हटलं. अण्णांनी आत जाऊन दाखल्यांची फाईल आणली. तिच्यात पोराच्या व्हॅलिडिटीला लागून त्यांचा रक्ताचा रिपोर्ट होता. लॅमिनेट केलेला. त्याच्या खाली धाकटीच्या नावाचं पाकीट, जसंच्या तसं, न फोडलेलं.

"माझी चूक हाय," अण्णा म्हणाले. "पण हे माझ्याकडं कामून आणलंस तू? तुझी गाडी चाकूरवरूनच आली होती. ती स्टँडवर आली होती, तिनंच सांगितलं मला, डबा दिला म्हणून. मी कमी शिकलेला माणूस. तुला तर त्या पोरीनं समोर बसवून सांगितलं होतं. हातात द्यायला काय झालं होतं तुला?"

वहिनी चहाचा कप धरून उभ्या होत्या. मी पाकीट उचललं, पर्समध्ये टाकलं आणि चहा न घेता निघाले.

धाकटी त्यानंतर थोडेच महिने होती. प्रत्येक इंजेक्शनला मी लातूरला तिच्याजवळ असायची. तिचे केस गेले तेव्हा माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणायची, "तुझे आले की ग, माझेबी येतील." पाकीट पर्समध्ये होतं. सांगायचं, रोज ठरवायची. आता सांगून तिचं काय भलं होणार, अशी स्वतःची समजूत घालायची. तिचं भलं होणार नव्हतं हे खरं. पण माझी कातडी वाचत होती हेही तितकंच खरं. पुढची येळवस तिला दिसली नाही.

तेराव्याला चाकूरला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर पुरुषमाणसं मांडवात बसली. डॉक्टरांनी शेवटी शेवटी धाकटीच्या नवऱ्याला सांगितलं होतं की लेकीलाही तपासून घ्या. ती गोष्ट निघाली, तसे अण्णा घसा साफ करून म्हणाले, "तिचं काय ते मी बघतो. तुम्ही चिंता करू नका."

माझं डोकं सटकलं. "तुम्ही काही बघायचं नाही!" मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की पंगतीतली भांडी उचलणाऱ्या बायासुद्धा थांबल्या. आमच्या घरात अण्णांना असं कधी कुणी बोललं नव्हतं. मी लेकीचा हात धरला आणि तिला मागच्या अंगणात नेलं, पाणी तापवायच्या चुलीपाशी. पर्समधून पाकीट काढून तिच्या हातात दिलं. हैदराबादहून तिच्या नावाचं नवीन पत्र मागवता आलं असतं. खरं तर तेच करायला पाहिजे होतं. पण नवं देऊन जुनं लपवायचं, एवढं लपवणं आता माझ्याच्यानं होत नव्हतं.

पाकिटावर आईचं नाव बघून ती थबकली. फोडलं. उभ्यानंच वाचलं, सगळं, दोनदा. मग वरच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं.

"हे तुझं अक्षर हाय मावशी."

"हाव."

"ही त्या येळवशीची तारीख हाय."

"हाव."

"दुसऱ्या दिवशी तू गाडीत होतीस. आईचा हात पुरंना म्हणून डबा मी दिला." ती माझ्याकडं बघत नव्हती, कागदाकडंच बघत होती. "तवा हे कुठं होतं?"

"माझ्या मांडीवर."

ती रडली नाही. ओरडली असती, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला आधार झाला असता. तिनं पत्राची घडी घातली, परत पाकिटात घातली, नीट, जणू कुणाला पोस्टानं पाठवायचंय.

"अण्णामामाला सांग, माझं काही बघू नका," म्हणाली. "तूबी बघू नको. माझं मी बघते."

तिनं बघितलंही. एकटी हैदराबादला गेली, त्याच मुलीला भेटून रक्त देऊन आली. हे मला त्या मुलीनंच फोनवर सांगितलं, मावशी तुमची भाची आली होती म्हणून. मी न राहवून विचारलं, निकाल काय आला. ती म्हणाली, "तो त्यांचा आहे मावशी. त्या सांगतील तुम्हाला."

धाकटीचे दोन्ही डबे आमच्या फळीवर आहेत. आमच्याकडं डबा रिकामा परत करत नसतात, म्हणून संक्रांतीला तिळाच्या पोळ्या भरून मी ते चाकूरला पाठवले होते. तसेच भरलेले परत आले. रोज सकाळी दुकान उघडलं की मी आधी फोन बघते. निकाल येऊन आता बरेच महिने झाले असतील. तिनं मला कळवलेलं नाही.